शेरा : झोपली

वजन उतरवण्याच्या त्या केंद्रात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलांनी तिचं नाव घुमटमावशी ठेवलं होतं आणि मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांनी ते उचललं होतं. नाव चुकीचं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत एक अरुंद पलंग होता, पलंगाच्या डोक्याशी पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट होता आणि घुमटातून निघालेली जाड नळी शेजारच्या यंत्रात जात होती. सकाळी उपाशीपोटी आलेल्या मुलाने पलंगावर उताणं पडायचं, मावशीने त्याच्या डोक्यावर घुमट ठेवायचा आणि मग अर्धा तास त्याने काही म्हणता काही करायचं नाही. हे शरीर दिवसभर नुसतं पडून राहिलं तर किती कॅलरी जाळेल, हे यंत्र त्याच्या श्वासावरून सांगायचं.

कागदावर दोन आकडे यायचे. एक ‘अपेक्षित’, म्हणजे या वयाच्या, या उंचीच्या, या वजनाच्या शरीराने जेवढं जाळायला हवं तेवढं. दुसरा ‘मोजलेला’, म्हणजे खरोखर जेवढं जळतं तेवढं. त्याखाली शेऱ्याची एक ओळ आणि सहीची जागा. सही मावशीची असायची.

मावशी स्वतः काडी. वय पंचावन्न, वजन अठ्ठेचाळीस किलो, आणि खायची मात्र अशी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. तिचा तीन पुडाचा डबा चाटूनपुसून संपायचा आणि मग तिची नजर आहारताईच्या डब्यावर जायची. आहारताई म्हणजे केंद्रात मुलांचं खाणं ठरवून देणारी तरुण बाई. ती बिचारी अर्ध्या सफरचंदावर दुपार काढायची. “मावशी, जातं कुठे हो तुमचं खाल्लेलं?” असं ती महिन्यातून एकदा तरी विचारायची. मावशीचा नवरा हयात होता तेव्हा तो म्हणायचा, तुला जेवू घालणं म्हणजे फुटका हंडा भरणं. मावशी दर सोमवारी स्वतः घुमटाखाली पडून आपलाही आकडा घ्यायची. तो तेराशेच्या वर यायचा, तिच्या वयाच्या, तिच्या चणीच्या बाईच्या मानाने बराच जास्त. अंगच तसं होतं, त्यात तिची कर्तबगारी शून्य. आयुष्यात फुकट मिळालेली तेवढी एकच गोष्ट, असं ती म्हणायची, आणि खाली वजनकाट्याशी मान खाली घालून उभी असलेली पोरं पाहिली की तिला स्वतःच्या डब्याची लाज वाटायची.

पण यंत्राचा तिला अभिमान होता. त्याला ती डोळ्यांत तेल घालून जपायची. आकडा खरा आहे की नाही हे पडताळायला ती घुमटाखाली स्पिरिटचा छोटा दिवा पेटवून ठेवायची. दिवा आधी तोलायचा, नंतर तोलायचा, म्हणजे किती स्पिरिट जळलं ते कळायचं. तेवढ्या स्पिरिटला किती प्राणवायू लागतो ते पुस्तकात छापलेलंच होतं. यंत्राचा आकडा पुस्तकाशी जुळला की यंत्र खरं. अठरा वर्षांत ते फक्त दोनदा खोटं निघालं होतं, आणि दोन्ही वेळा नळीला चीर पडली होती.

आता शेऱ्याचं सांगायला हवं, कारण सगळं पाप तिथे आहे, आणि त्याची सुरुवात मावशीच्याच हातून झाली.

झोपलेलं शरीर जागेपणापेक्षा थोडं कमी जाळतं. म्हणून चाचणीत मुलाने झोपायचं नसतं, आणि झोपलं तर तसं लिहायचं असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा घुमटाखाली चक्क घोरला. मावशीने इमानदारीने शेरा लिहिला, ‘झोपला’. झालं, मोठ्या डॉक्टरांना तो शब्द सापडला. त्यांच्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमातून वजन उतरवून आलेल्या मुलांचे आकडे कमी यायला लागले होते. शरीर लहान झालं की आकडाही लहान होणार, ते कुणालाही समजतं. पण हे आकडे लहान झालेल्या शरीराच्या ‘अपेक्षित’ आकड्याच्याही खाली जात होते, कुणाचा शंभराने, कुणाचा दोनशेने. जणू उपासमार आलीय असं समजून अंगाने आतल्या आत विस्तव बारीक केला होता. डॉक्टर कागद बघायचे आणि विचारायचे, “झोपला होता का?” मावशी म्हणायची, “नाही सर, थोडा वेळ डोळे मिटले होते.” “मग लिहा की तसं.” पहिल्यांदा मावशीने लिहिलं तेव्हा तिला वाटलं, असेलही. दुसऱ्यांदा वाटलं, साहेब शिकलेले आहेत. पुढे पुढे तिला काही वाटेनासं झालं. वहीत एकाखाली एक झोपला, झोपली, झोपला. एवढी झोपाळू पोरं एका गावात कशी जमली, हे कुणी विचारलं नाही, कारण ‘झोपला’ म्हटलं की तो आकडा धरायचा नाही, एवढाच नियम होता.

डॉक्टर वाईट माणूस होता असं नाही. वाईट असता तर मावशीला सोपं गेलं असतं. तो रोज सकाळी पाच किलोमीटर धावायचा, आणि जे धावत नाहीत ते आळशी, एवढं त्याचं जग स्वच्छ होतं. खालच्या भिंतीवर मुलांचे फोटो लावलेले होते, पहिल्या दिवसाचा आणि सहा महिन्यांनंतरचा. सातव्या महिन्याचा फोटो कुणी काढत नसे.

त्या भिंतीवर चिमणीचाही फोटो होता.

चिमणी हे तिचं घरचं नाव. आठव्या महिन्यातच जन्मली होती, मुठीएवढी होती, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. चौदाव्या वर्षी शहाऐंशी किलोची पोर चिमणी म्हणून हाकेला ‘ओ’ द्यायची तेव्हा बघणारे हसायचे, आणि आधी तीच हसून घ्यायची, म्हणजे इतरांचं हसणं कमी लागतं. तिची आई तिच्याच शाळेत गणित शिकवायची. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षक म्हणूनही तिचा दरारा होता. कॉपी करणारं पोर तिला पाठीमागूनही कळायचं म्हणे.

पहिल्या चाचणीत चिमणीचे दोन्ही आकडे जवळपास जुळले होते, सतराशेच्या आसपास. मग सहा महिने तिने केंद्राने सांगितलं तसं केलं. अंडं, सूप, मोजून दोन ब्रेड, संध्याकाळी तासभर फिरत्या पट्ट्यावर चालणं. आईने स्वयंपाकघरात काटा आणला आणि सफरचंदसुद्धा तोलून दिलं. चिमणी त्र्याहत्तर किलोवर आली. फोटोत तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आहे आणि दोघी अशा हसताहेत की त्या भिंतीवरचा तो सगळ्यात चांगला फोटो असावा.

त्यानंतर काटा उलटा फिरला. खाणं तेच, चालणं तेच, आणि वजन पंचाहत्तर, मग सत्याहत्तर. आईने वह्या काढल्या. तिने रोजचं खाणं ग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, बाराशे कॅलरींच्या वर एक दिवस नव्हता. आहारताईने वही वर-खाली पाहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, वहीत आहे तेवढंच खात असेल तर वजन वाढणार नाही. कुठून तरी येतंय.”

“मी गणित शिकवते,” आई म्हणाली. “उत्तर चुकलं की कुठली तरी पायरी लपवलेली असते.” आणि तिने मुलीकडे पाहिलं.

“मी नाही खात काही,” चिमणी म्हणाली.

“मग हे काय हवेनं वाढतंय?”

चौदा वर्षांच्या पोरीला त्याचं उत्तर कुठून यायचं? डॉक्टरांनी पुन्हा घुमटाची चाचणी सांगितली.

ती सकाळी आली तेव्हा बाहेर ऊन होतं आणि तिने स्वेटर घातला होता. तिचे हात मावशीला थंडगार लागले. पलंगावर पडता पडता ती म्हणाली, “मावशी, यावेळी मी मुळीच झोपणार नाही. मागच्या मुलाला तुम्ही झोपला लिहिलं ना, तो आमच्या वर्गात आहे. त्याची आई त्याला म्हणाली, एवढं साधंही जमत नाही तुला.”

“तू डोळे उघडे ठेव,” मावशी म्हणाली.

चिमणीने अर्धा तास डोळे उघडे ठेवले. घुमट काढल्यावर ती म्हणाली, “छताच्या फळीला एका बाजूने अठरा भोकं आहेत आणि दुसऱ्या बाजूनेही अठरा. म्हणजे एका फळीत तीनशे चोवीस. अशा बारा फळ्या मला दिसल्या. गुणाकार सांगू?”

मावशीने गुणाकार विचारला नाही. ती कागद पाहत होती. अपेक्षित सोळाशे वीस. मोजलेला तेराशे सत्तर. सत्याहत्तर किलोची वाढत्या वयाची पोर आणि अठ्ठेचाळीस किलोची घुमटमावशी, दोघींच्या आत जवळपास एवढंच जळत होतं. मावशीच्या डोळ्यांसमोर स्वतःचा तीन पुडाचा डबा आला. पोरगी तोलून तोलून खात होती आणि तेही तिच्या अंगाला फार होत होतं.

चिमणीला बाहेर बसवून मावशीने दिवा तोलला, घुमटाखाली पेटवला, पुन्हा तोलला. यंत्र खरं होतं. तिने शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, ‘पूर्ण वेळ जागी. यंत्र तपासले, बरोबर.’ अठरा वर्षांतला तिचा सगळ्यात लांब शेरा. मग ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. “झोपली असेल.”

“नाही सर. छताची भोकं मोजत होती.”

“मोजता मोजताच झोप लागते हो माणसाला,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले. मावशी हसली नाही, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “मावशी, हे आईच्या हातात द्यायचं आणि सांगायचं काय? तुमची मुलगी सगळं पाळते, तरी तिचं वजन वाढणार? एकदा मुलांच्या हातात कारण दिलं की ती प्रयत्नच सोडतात. मी बघितलंय.”

“पण सर, घरी तिला चोर म्हणतात.”

“ते घरचं आहे. आपण कागदावर कुठे चोर लिहितो?” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “की यंत्र जुनं झालंय म्हणता? तसं असेल तर पाठवून देऊ परत. नाहीतरी सगळीकडे आता वय-उंची-वजनाच्या सूत्रावरूनच आकडा काढतात. खोली पण मोकळी होईल.”

एवढंच बोलले. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. मावशीला ती खोली दिसली, पडद्यातून येणारा उजेड, यंत्राची बारीक घरघर, ज्या एका जागी तिच्याशिवाय कुणाचं चालत नव्हतं ती जागा. दोन खोल्यांच्या घरात परत गेल्यावर तिच्याशी बोलायला भिंती होत्या. तिने शेपूट घातलं. नवीन कागद काढला, सही केली. शेरा, झोपली. पहिला कागद तिने फाडला नाही, ॲप्रनच्या खिशात घातला, आणि तेवढ्यावर आपण अगदीच पाप केलं नाही अशी स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो ते बघा.

बाहेरच्या बाकावर आईने कागद वाचला. “झोपली? अर्धा तास जागं राहवलं नाही तुला?”

“मी झोपले नव्हते,” चिमणी म्हणाली. “मावशींना विचार.”

आईने मान वर केली. “मावशी, झोपली होती का ही?”

चिमणी मावशीकडे पाहत होती. तिला भीती नव्हती, कारण तिला उत्तर माहीत होतं आणि मावशीलाही माहीत आहे हे तिला माहीत होतं.

“पडल्या पडल्या लागतो कधी डोळा,” मावशी म्हणाली. “मुलांना कळत नाही.”

चिमणीने नजर काढून घेतली. आईने कागदाची घडी केली आणि म्हणाली, “म्हणजे यातही खोटं.”

पुढच्या दीड महिन्यातलं मावशीला आहारताईकडून कळत गेलं. स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लागलं. रोज दप्तर उलटं करून झटकलं जाऊ लागलं. आई शाळेतल्या मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलींना बाजूला घेऊन विचारायची, ही काय खाते. अशा प्रश्नानंतर मुली कुणाशी मैत्री ठेवत नाहीत. चिमणीचे केस हातात यायला लागले होते, वर्गात ती डुलक्या घ्यायची, आणि आईने तिच्याशी कामापुरतं बोलणं सोडून बाकी सगळं बंद केलं होतं. “खरं सांगेल तेव्हाच बोलेन म्हणाल्या,” आहारताईने सांगितलं. तिचं स्वतःचं अर्धं सफरचंदही आता संपत नव्हतं. मावशी मिठाची गुळणी धरून ऐकत राहायची. खिशातला कागद ती रोज ॲप्रन बदलताना एका खिशातून दुसऱ्या खिशात घालायची.

मग महिन्याच्या शेवटी पालकांची सभा झाली. खालच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, मावशी मागे दाराशी उभी होती. डॉक्टर सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, कुणाला काही मोकळेपणाने बोलायचंय का. चिमणी उठली.

“मी चोरून खायचे,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, पाठांतर केल्यासारखा. “बिस्किटं. शाळेजवळच्या दुकानातून. रोज एक पुडा. रिकामे पुडे मी पाण्याच्या टाकीमागे टाकायचे. आईला खोटं सांगितलं. चुकले मी.”

डॉक्टरांनी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. “हे खरं धैर्य,” डॉक्टर म्हणाले. “वजनापेक्षा हे अवघड असतं.” गणिताच्या बाई, ज्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं, त्या उठून मुलीपाशी गेल्या आणि तिला छातीशी धरून रडल्या. लपवलेली पायरी सापडली होती. चिमणीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि तिची पाठ हलत राहिली.

मावशीला टाळी वाजवता आली नाही. एवढे महिने रोज एक पुडा म्हणजे किती, हे तिने दाराशी उभ्या उभ्या जोडून पाहिलं. एवढं खाल्लं असतं तर काटा कुठच्या कुठे गेला असता. पोरीने हिशोबसुद्धा नीट केला नव्हता, आणि तिच्या आईनेही तो तपासून पाहिला नव्हता.

त्या रात्री मावशी जेवली नाही. सकाळी तिने ठरवलं. खोली जाऊ दे, यंत्र जाऊ दे. ती मोठ्या डॉक्टरांकडे जाणार नव्हती, आधी मुलीला सांगणार होती आणि मग दोघी मिळून आईला. पुढच्या शनिवारी चिमणी वजनाला आली तेव्हा मावशीने तिला वर खोलीत नेलं, दार लावलं आणि घडी पडून मऊ झालेला तो कागद तिच्या हातात दिला.

चिमणीने वाचला. पुन्हा वाचला. “म्हणजे मी जागी होते हे तुम्ही लिहिलं होतं.”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी,” मावशी म्हणाली. “माझं चुकलं बाळा. तू काहीही चोरलं नाहीस. उपासाने तुझ्या अंगातलं जळणंच कमी झालंय, तो तुझा दोष नाही. मी तुझ्या आईला सांगते. आत्ता. त्या खालीच आहेत ना?”

चिमणीने कागदाची होती तशीच घडी घातली आणि मावशीच्या ॲप्रनच्या खिशात परत ठेवली, एखाद्या लहान मुलाच्या खिशात रुमाल ठेवावा तशी.

“नको मावशी. नका सांगू.”

“अगं पण...”

“आई आता बोलते माझ्याशी. कुलूप काढलंय. काल माझे केस विंचरून दिले तिने. हे दाखवलं तर ती म्हणेल, मग सभेत खोटं बोललीस. परत पहिल्यापासून.”

“सरांनी तुझं खाणं हजारावर आणलंय. कळतंय का तुला? आतलं आणखी मंद होईल. वजन उतरेल थोडं आणि पुन्हा वाढेल. मग?”

“मग पुढच्या वेळी चॉकलेट सांगीन,” चिमणी म्हणाली.

तिने ते चिडून म्हटलं नाही. उत्तर आधीच काढून ठेवलं होतं, तेच सांगितलं. दारावर टकटक झाली आणि गणिताच्या बाई आत डोकावल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला होता. त्यांनी मुलीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि मावशीकडे पाहून हसल्या.

“चला, उशीर होतोय. मावशी, तुम्हीही दमला असाल हिच्यापायी. पण आता काळजी नाही. खरं बोलायला लागलीय.”

चिमणी मावशीकडे पाहत होती, त्या दिवशी बाकावर पाहिलं होतं तशीच. आजही तिला उत्तर माहीत होतं.

“हो,” मावशी म्हणाली. “आता खरं बोलते.”